मंगळाचा माग काढणारे केप्लर

जर्मनीतील वाइल डेर श्टाट या लहान गावी २७ डिसेंबर १५७१ रोजी योहान्स केप्लर यांचा जन्म झाला. वडील भाडोत्री सैनिक होते. ते एकदा लढाईला गेले, ते परत आलेच नाहीत. लहानपणी केप्लर यांना देवी आल्या. जीव वाचला, पण नजर कायमची अधू झाली. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला. तेव्हा आई कॅथरिना त्यांना एका उंच जागी घेऊन गेली आणि तिने त्यांना तो दाखवला.

घरी गरिबी होती, पण शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षण संपल्यावर ते ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात गणिताचे शिक्षक झाले. तेथे धर्मावरून भांडणे वाढली आणि त्यांना शहर सोडावे लागले. १६०० साली ते प्राग येथे टायको ब्राहे यांच्याकडे आले. तेव्हा दुर्बीण नव्हती. तरीही टायको यांनी वर्षानुवर्षे ग्रहांच्या जागा फार काळजीपूर्वक मोजून ठेवल्या होत्या. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांचे काम आणि त्यांच्या नोंदी केप्लर यांच्याकडे आल्या.

केप्लर यांनी मंगळ ग्रहाचा अभ्यास केला. ग्रह वर्तुळातच फिरतात, असे त्या काळी सगळे मानत. केप्लर यांनीही तसेच गणित मांडले. ते जवळजवळ जुळले. फरक राहिला तो फक्त ८ कलांचा, म्हणजे आकाशात पूर्ण चंद्र जेवढा रुंद दिसतो त्याच्या सुमारे पाव भाग. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. पण टायको यांच्या मोजणीत एवढी चूक होणार नाही, अशी केप्लर यांची खात्री होती. त्यांनी आपलेच गणित टाकून दिले आणि पुन्हा सुरुवात केली.

शेवटी उत्तर सापडले. ग्रहाचा मार्ग लंबवर्तुळ असतो. सूर्याजवळ आला की ग्रह वेगाने धावतो, दूर गेला की मंदावतो. सूर्यापासून ग्रहापर्यंत रेषा काढली, तर ती सारख्या वेळात सारखेच क्षेत्रफळ व्यापते. हे नियम १६०९ साली प्रसिद्ध झाले.

मुलांनो, फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसा आणि मित्राला खुर्ची हळूच फिरवू द्या. मग हात छातीशी घ्या. कोणी धक्का न देताही खुर्ची जोरात फिरू लागते. वस्तुमान मध्याजवळ आले की फिरण्याचा वेग वाढतो. याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. ग्रहाचेही तसेच आहे. सूर्य त्याला आपल्याकडे ओढतो, पण पुढे ढकलत नाही. केप्लर यांना मात्र हे कारण कळले नव्हते. सूर्यच ग्रहांना ढकलत नेतो, असे त्यांना वाटे. खरे कारण न्यूटन यांनी १६८७ साली दाखवले. आपली पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तेव्हा ती सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर जाते. जुलैत सुमारे २९.३.

केप्लर यांच्या घरी मात्र दुःखच होते. १६११ साली मुलगा देवीने गेला आणि पत्नीही वारली. १६१५ साली म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. १६२० साली तिला अटक झाली आणि साखळदंड घातले गेले. अशा बायकांना त्या काळी जिवंत जाळत. केप्लर आपले काम सोडून धावले. एकेका आरोपाला त्यांनी शांतपणे, पुराव्यानिशी उत्तर दिले. छळाची हत्यारे दाखवली तरी आईने खोटा कबुलीजबाब दिला नाही. १६२१ साली ती सुटली. काही महिन्यांतच वारली.

१६२७ साली केप्लर यांनी ग्रहांची कोष्टके छापली. राजदरबाराकडे त्यांचा बराच पगार थकला होता. पैशांच्या खटपटीत ते रेगेन्सबुर्गला गेले आणि तेथेच १५ नोव्हेंबर १६३० रोजी तापाने वारले. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध ग्रह सूर्यबिंबावरून जाताना दिसेल, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. त्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदी या शास्त्रज्ञाने सूर्यावर सरकणारा एक लहान काळा ठिपका पाहिला.