राजर्षी शाहू छत्रपती : वसतिगृहे, शाळा व आखाडा

ज्ञातीच्या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, हा जुना प्रघात आहे. बहुधा तो पुरुष स्वज्ञातीचा असतो, आणि त्यात गैर असे काही नाही. यंदा मात्र आम्ही ज्यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत, ते आगरी नव्हते व ठाणे जिल्ह्याचे रहिवासीही नव्हते. ते करवीरचे अधिपती होते. त्यांची निवड करण्यास कारण आहे. माजिवड्यात ज्या जमिनीवर भात पिकत असे व कापणी होताच जेथे मुले कबड्डीचा पट आखीत असत, ती जमीन आता इमारतींनी व हमरस्त्यांनी व्यापली आहे. गावठाण उरले आहे; पण एका बाजूस नाशिककडे जाणारा महामार्ग व दुसऱ्या बाजूस घोडबंदरचा रस्ता, अशा कैचीत ते सापडले आहे. मुलांना खेळावयास जागा कोठे आणि शाळेची सुधारणा कोणी करावयाची, हे दोन प्रश्न आमच्या बैठकांतून वारंवार निघतात, आणि बहुतेक वेळा सरकारकडे किंवा महापालिकेकडे बोट दाखवून सोडून दिले जातात. शाळा, वसतिगृहे व तालमी यांसाठी लोकांस कसे विचारावे, त्यांजकडून काय घ्यावे व त्यांच्या हाती काय सोपवावे, याचा इतका मोठा प्रयोग महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी एका आयुष्यात केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून हे चरित्र. आणि तेही त्यांच्या कार्याच्या या एकाच अंगापुरते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. मातोश्री राधाबाई ते तीन वर्षांचे असताना वारल्या व वडील जयसिंगराव १८८६ साली गेले. तत्पूर्वी, १७ मार्च १८८४ रोजी, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले होते. राजकोटचे राजकुमार कॉलेज, त्यानंतर धारवाड येथे फ्रेजर यांच्या देखरेखीखाली शिक्षण, आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार, असा हा क्रम आहे. राज्य हाती आल्यावर दोन-तीन वर्षांतच दुष्काळ व त्यामागोमाग प्लेग ही संकटे आली. त्या काळात जिल्ह्यातून व खेड्यांतून फिरताना प्रजेची जी स्थिती त्यांनी पाहिली, तिचा त्यांच्या पुढील धोरणावर खोल परिणाम झाला.

१८९६ साली कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. ते सर्व जातींस खुले होते. नियमात कोणासही मज्जाव नव्हता. तरीही अल्पावधीतच तेथे बहुतांशी एकाच वर्गाचे विद्यार्थी उरले व इतरांची संख्या रोडावत गेली. जेवणाच्या पंगतीचा सोवळेपणा, व्यवस्था पाहणाऱ्यांची दृष्टी, खेड्यातून आलेल्या मुलाचे बुजरेपण, ही कारणे कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नसतात. दार उघडे असूनही आत जाता येत नाही, ही अवस्था आपल्या ज्येष्ठ मंडळींपैकी अनेकांनी निरनिराळ्या ठिकाणी अनुभवली असेल.

या सुमारास मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण विद्यार्थी पां. चि. पाटील, जे पुढे शेतकी शास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले, त्यांनी शहरात राहण्या-जेवण्याच्या अडचणी महाराजांच्या कानी घातल्या. महाराजांनी ते ऐकून घेतले, आणि समाजातील पुढाऱ्यांस बोलावून विचारविनिमय केला. त्यातून १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन समाजाचे वसतिगृह निघाले. पुढील वीस वर्षांत लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, कायस्थ प्रभू, वैश्य, ढोर-चांभार, नाभिक अशा नाना समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. एवढ्या लहान संस्थानात इतकी विद्यार्थिगृहे इतक्या थोड्या काळात निघाल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे.

येथे पद्धतीचा विचार विशेष केला पाहिजे, कारण आमच्या मते सारे मर्म त्यातच आहे. दरबाराने इमारत बांधून चाव्या हाती ठेवल्या, असे झाले नाही. प्रत्येक समाजाच्या प्रमुखांस पाचारण करावे, त्यांच्या मुलांची गरज काय ते त्यांच्याच तोंडून ऐकावे, समाजाने फंड जमवावा, कार्यकारी मंडळ समाजाचेच असावे, आणि दरबाराने जागा, इमारत वा वार्षिक नेमणूक या रूपाने हातभार लावावा, अशी ती सर्वसाधारण योजना होती. मुसलमान समाजाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९०६ साली महाराजांनी त्या समाजातील प्रतिष्ठितांची सभा बोलावली. शिक्षणसंस्था स्थापन झाली व तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले. जेथे समाजापाशी शिक्षणाची परंपरा व पैसा दोन्ही कमी, तेथे छत्रपतींनी स्वतः अध्यक्ष होऊन बसावे, आणि जेथे समाज समर्थ तेथे त्याच्यावरच भार टाकावा, हा त्यातील विवेक. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, तेव्हाही मुख्य भार दरबारानेच उचलला. हे नाव मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या कन्येचे आहे. सर्वांस एकच माप लावून वर्गणीची अट घातली असती, तर ज्यांना वसतिगृहाची सर्वांत अधिक गरज होती तेच बाहेर राहिले असते.

आता आखाड्याविषयी. महाराज स्वतः धिप्पाड शरीराचे व कुस्तीचे जाणते होते. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी होत्या व आजही आहेत. तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौदा नव्हे. पेठेतील मंडळी तेथे जमतात, उत्सव ठरतात, तंटे मिटतात, आणि मुलगा कोणाचा, रात्री कोठे फिरतो, याची विचारपूसही तेथेच होते. तालमीचा कारभार पेठेचा. राजाचा तिला आश्रय. वसतिगृहांच्या योजनेशी या रचनेचे साम्य वाचकांच्या ध्यानी येईल. मोतीबाग, गंगावेस या तालमींची कीर्ती त्या काळापासून सर्वदूर आहे, आणि नामांकित मल्ल दूरदूरच्या प्रांतांतून कोल्हापुरास येत ते या आश्रयामुळेच.

१९०२ साली बादशहा सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणानिमित्त महाराज विलायतेस गेले असता, त्यांनी रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृह पाहिले. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा सुप्रसिद्ध हुकूम निघाला तोही याच प्रवासाच्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी. परत आल्यावर काही वर्षांनी त्यांनी खासबागेत कुस्त्यांचे मैदान बांधावयास घेतले व १९१२ साली ते पूर्ण झाले. मध्यभागी आखाडा, सभोवार चढती बैठक, आणि नजरेच्या आड येईल असा एकही खांब नाही. सुमारे ३०,००० माणसे बसू शकतात असे सांगतात. त्यात आम्हांस मोठेपणाहून अधिक मोलाची वाटते ती गोष्ट ही की, शेवटच्या ओळीत बसलेल्या शेतकऱ्यासही कुस्ती तितकीच स्पष्ट दिसावी अशी जमिनीची उतरण साधली आहे. क्रीडांगण बांधताना मानकऱ्यांच्या खुर्च्यांचा विचार आधी होतो व प्रेक्षकांचा मागाहून, हे आपण नेहमी पाहतो.

आखाड्यातही जात शिरलेली होतीच. अस्पृश्य मल्लाशी कुस्ती धरण्यास स्पृश्य मल्ल कचरत. महाराजांनी महार पैलवानांना जाट, चांभार पैलवानांना सरदार व भंगी पैलवानांना पंडित अशी संबोधने देऊन मैदानात उतरविले. या युक्तीचे काहींना हसू येईल. आम्हांस येत नाही. नाव पुकारताच जात ओळखली जाऊन जेथे डाव संपत असे, तेथे निदान डाव सुरू तरी झाला.

प्राथमिक शिक्षणाची कथा याहून थोडी निराळी आहे. १९१७ साली संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. मार्च १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली या गावी त्याखालील पहिली शाळा उघडली. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता, आणि त्या काळी एक रुपया ही शेतमजुरास लहान रक्कम नव्हती. इमारती नव्हत्या, तेव्हा देवळे, चावड्या, धर्मशाळा यांतून वर्ग भरले. गावाची जी जागा गावाच्या वापरात होती, तीच शाळेस मिळाली. प्रारंभी या योजनेत २७ शाळा व १,२९६ विद्यार्थी होते. १९२१-२२ साली शाळा ४२० व विद्यार्थी २२,००७ झाले.

या कामी महाराजांनी सर्वांची संमती मिळेपर्यंत वाट पाहिली नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. सक्तीस विरोध होता. उच्च शिक्षण सोडून प्राथमिक शिक्षणावर खर्च कशास, असे म्हणणारे विद्वानही होते. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला, तो तर गावोगावच्या पंचांस विचारला असता तर बहुधा कधीच निघाला नसता. वसतिगृह कोठे असावे, कारभार कोणी पाहावा, फंड कसा जमवावा, हे त्यांनी लोकांस विचारले. एखाद्या मुलास शाळेत बसू द्यावे की नाही, हे विचारले नाही. लोकांस विचारणे या शब्दांचा हल्ली बराच उपयोग होतो व दुरुपयोगही होतो. गावाचे मत म्हणून जे पुढे येते ते पुष्कळदा चार वजनदार घरांचे मत असते, आणि ज्याच्यासाठी मैदान वा शाळा हवी तो मुलगा, किंवा मुलगी, त्या बैठकीत नसतेच. महाराजांना याची जाणीव असावी असे त्यांच्या कृतीवरून वाटते.

त्यांच्यापाशी राजसत्ता होती, आपल्यापाशी ती नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो अर्धाच खरा आहे. शिक्षणाच्या हक्काचा जो कायदा २००९ साली झाला, त्यान्वये सरकारी, महापालिकेच्या व अनुदानित शाळांस व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक असावयाचे व निम्म्या स्त्रिया. शाळेस क्रीडांगण असावे, ही अटही त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. शहराचा विकास आराखडा करताना मैदानासाठी व शाळेसाठी कोणती जागा राखून ठेवली हे प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, असे १९६६ चा नगररचनेचा कायदा सांगतो. अर्थात जे विचारणे महाराजांच्या मर्जीवर अवलंबून होते, ते आज आपणांस हक्काने मिळाले आहे. त्या समित्यांवर आपल्या किती भगिनी बसतात व त्या हरकती आपल्यापैकी कितीजण लिहून देतात, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या आळीत करावा.

ज्ञातिसंस्था म्हणून आपणांस अधिक निकटची अशी एक गोष्ट राहिली. महाराज अनेक समाजांच्या परिषदांना गेले. डिसेंबर १९१७ मध्ये खामगाव येथील मराठा शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते. एप्रिल १९१९ मध्ये कानपूर येथे कुर्मी क्षत्रियांच्या महासभेने त्यांना राजर्षी ही पदवी दिली. म्हणजे ज्या नावाने आज सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो, ते एका ज्ञातिसभेने दिलेले आहे. पण एप्रिल १९२० मध्ये नाशिकला उदोजी मराठा वसतिगृहाच्या पायाभरणीच्या प्रसंगी, जातवार वसतिगृहाचीच कोनशिला बसवीत असताना, त्यांनी जातिभेद पाळणे हे पाप असून तो मोडणे अवश्य आहे, असे श्रोत्यांस निक्षून सांगितले. आदल्याच महिन्यात ते माणगाव येथील अस्पृश्यांच्या परिषदेस जाऊन डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर पुरस्कार करून आले होते. जातीची संस्था त्यांना शिडीसारखी हवी होती. वर गेल्यावर तीवरच बसून राहण्यास ते कोणास सांगत नव्हते. आमच्या संस्थेने उद्या माजिवड्यात एखादी अभ्यासिका वा व्यायामशाळा काढली, तर गावठाणात भाड्याने राहणाऱ्या परगावच्या मजुराच्या मुलास तेथे प्रवेश असावा की नसावा, हा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे येईलच. महाराजांचे चरित्र छापणाऱ्या संस्थेस त्याचे उत्तर टाळता येणार नाही, असे आमचे स्वतःचे मत आहे. ज्ञातिबांधवांत याविषयी मतभेद आहेत हे आम्ही जाणतो.

अखेरची वर्षे महाराजांना सुखाची गेली नाहीत. १९१८ साली धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या वेळी अपघाती निधन पावले. त्यांच्या स्मरणार्थ १९२० साली गरीब मराठा विद्यार्थ्यांसाठी प्रिन्स शिवाजी फ्री बोर्डिंग निघाले. पुत्रशोक आणि अखंड दगदग यांनी मुळचे भक्कम शरीर खचत गेले. ६ मे १९२२ रोजी मुंबईस, खेतवाडीतील पन्हाळा लॉज येथे, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पार्थिव देह कोल्हापुरास नेण्यात आला व थोरले चिरंजीव राजाराम महाराज गादीवर आले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, पण ज्यांचा कारभार समाजाच्या मंडळांकडे सोपविला होता अशी अनेक वसतिगृहे त्यानंतरही चालू राहिली, आणि खासबागेत अद्यापि कुस्त्या होतात.