मराठीत नाताळ गाणारे फादर स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. स्वदेशी कॅथोलिक मिस्सेस बंदी असता त्यांनी १५७५ साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला, व १५७९ साली ते गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षे, मरणापर्यंत, ते बहुतेक साष्टी प्रांतीच राहिले.

तेथील नवख्रिस्ती जनांची जुनी पुराणे सुटली होती. सणावारी भक्तिभावे ऐकावे असे त्यांच्या भाषेत काही उरले नव्हते. ही उणीव लहान नव्हे. फादरांनी तिच्यासाठी सुमारे अकरा हजार ओव्या रचिल्या. आपल्या अंबेजोगाईस दासोपंत ओव्या लिहीत होते, तोच हा काळ! ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापिले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात बेथलेहेमचा गोठा, मेंढपाळ व देवदूत मराठी ओवीत अवतरले. रविवारी व सणांस देवळांत त्याचे वाचन होई.

१६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा मोडण्याचा हुकूम काढिला. त्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. परंतु भाविकांनी हस्तलिखिते जपिली होती. त्यांवरूनच १९०७ साली मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापिला गेला.