स्वयंभू गणिती : द. रा. कापरेकर

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे एक शाळामास्तर मुलांना शिकवीत होते. त्यांच्या नावाचा स्थिरांक आज जगभरच्या गणितप्रेमींना ठाऊक आहे. ते म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. आठव्या वर्षी आईचे छत्र हरपले. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, आणि त्या आकडेमोडीतूनच मुलाला अंकांची गोडी लागली. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्‌सी. झाले; पण पदव्युत्तर शिक्षण काही लाभले नाही. संशोधनाला ना मार्गदर्शक, ना विद्यापीठाचा आधार. मग शाळा सांभाळून, कागद-पेन्सिल एवढ्याच भांडवलावर त्यांनी संख्यांचा शोध चालविला.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येची किमया मांडली. कलाशाखेचे आपण विद्यार्थी गणिताला बिचकतो. पण हा खेळ कुणालाही जमेल. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी व लहानात लहान मांडणी करून वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४! सातांहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत.

विद्वानांच्या वर्तुळात मात्र याची गणना क्षुल्लक करमणुकीत झाली. मोठ्या नियतकालिकांची दारे सहसा उघडली नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतः पुस्तिका छापल्या. उपेक्षेने ते खचले नाहीत, की लोकांना रुचेल असा विषयही त्यांनी शोधला नाही. आपल्या साधनांना पेलतील असेच प्रश्न ते घेत राहिले आणि ते तडीस नेत राहिले.

त्यांनीच शोधलेल्या काही संख्यांना 'स्वयंभू' म्हणतात. २१ मध्ये तिचेच अंक मिळविले की २४ येते. म्हणून २१ ही २४ ची जनक. २० ला मात्र असा जनकच नाही. गुरूवाचून घडलेल्या या संशोधकालाही तेच विशेषण शोभते.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. अखेर मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्या कामाविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. १९८६ साली ते निवर्तले.

मित्रहो, मद्रासची परिषद आणि हा लेख यांत २६ वर्षांचे अंतर आहे. एवढा काळ दाद न मिळताही माणूस वही मिटत नाही, ती कशाच्या बळावर? ज्याला कामातच आनंद सापडला, त्याचे अपयश वाट अडवीत नाही. फार तर वाट लांबवते. परीक्षेच्या एका निकालाने हताश होणाऱ्या आपण हे ध्यानी धरावे.