विल्यम ब्रॅडफर्ड : नावे जपणारे गव्हर्नर

मत्तयकृत शुभवर्तमान उघडताच समोर येणारी वंशावळी आपण बहुधा घाईने ओलांडतो. उलट, अंतहीन वंशावळ्यांकडे लक्ष देऊ नये, असा इशारा पौलाने तीमथ्याला लिहिताना दिला आहे. मग पूर्वजांची नावे लिहून ठेवावीत की न ठेवावीत? विल्यम ब्रॅडफर्ड यांचे चरित्र या प्रश्नावर प्रकाश टाकते.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील ऑस्टरफिल्ड येथे १५९० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तान्हेपणीच पितृछत्र हरपले, सातव्या वर्षी माताही निवर्तली. चुलत्यांनी त्यांचा सांभाळ केला. प्रकृती नाजूक असलेल्या या पोरक्या मुलाला पवित्र शास्त्राच्या वाचनाची गोडी लागली आणि तो स्क्रूबी येथील लहानशा मंडळीत जाऊ लागला. राजमान्य मंडळीपासून वेगळे होऊन उपासना करणे हा त्या काळी गुन्हा होता. त्यामुळे १६०८ साली हे विश्वासणारे हॉलंडला गेले. तेथे लायडन शहरी ब्रॅडफर्ड यांनी विणकाम करून चरितार्थ चालविला.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी अमेरिकेस निघाले. आपल्या लहानग्या जॉनला मागे ठेवून ब्रॅडफर्ड व पत्नी डॉरथी हेही निघाले. जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याशी नांगरलेले असतानाच डॉरथीबाई पाण्यात बुडून मरण पावल्या. पहिल्या हिवाळ्यात निम्मे लोक दगावले. १६२१ च्या वसंतात गव्हर्नर कार्व्हर वारले आणि प्लिमथ वसाहतीचा भार तरुण ब्रॅडफर्ड यांच्यावर आला. मधली काही वर्षे वगळता १६५७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी तो वाहिला.

१६३० साली त्यांनी वसाहतीचा इतिहास लिहावयास घेतला आणि वीस वर्षांनंतर त्याला एक यादी जोडली. जहाजातील प्रत्येक घराणे, त्यातील मुले व नोकरचाकर, कोण मेले, कोणाचा विवाह झाला, कोणास किती मुले झाली, हे सारे तीत आहे. मूळ प्रवाशांपैकी सुमारे ३० जण तेव्हा हयात होते आणि त्या थोडक्यांपासून १६० हून अधिक माणसे वाढली होती. या वाढीत त्यांना देवाचा हात दिसला. आपल्या पत्नीविषयी मात्र, ती आल्यावर लवकरच वारली, एवढेच त्यांनी लिहिले.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात हे हस्तलिखित बॉस्टनमधून नाहीसे झाले. १८५५ साली लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात त्याचा शोध लागला, १८५६ साली ते छापले गेले आणि १८९७ साली मॅसॅच्युसेट्सला परत आले. वादळात समुद्रात पडूनही वाचलेले जॉन हाउलंड हे गव्हर्नर कार्व्हरांचे जावई, अशी समजूत तोवर रूढ होती. ब्रॅडफर्ड यांच्या यादीने ती खोडून काढली. त्यांची पत्नी एलिझाबेथ ही टिली घराण्यातील होती. पहिल्या हिवाळ्यात तिचे आईबाप दोघेही गेले होते. यादीत तिच्या आईचे नाव नाही, केवळ टिली यांची पत्नी एवढाच उल्लेख आहे. ते नाव, जोन, पुढे संशोधकांना मिळाले ते बेडफर्डशायरमधील हेन्लो गावच्या मंडळीच्या नोंदवहीत. एलिझाबेथच्या १६०७ सालच्या बाप्तिस्म्याची नोंदही तेथेच आहे. कोणा पाळकाने ओढलेल्या दोन ओळींनी, साडेतीन शतकांनंतर, विस्मृतीत गेलेल्या एका मातेला तिचे नाव परत दिले!

वाचकहो, पौलाचा इशारा कुळाच्या व्यर्थ वादांविषयी आहे. कृतज्ञतेने केलेल्या स्मरणाला तो आड येत नाही. ज्या न्यू इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड यांची मंडळी रुजली, तेथील मंडळ्यांनी पाठविलेले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत प्रथम ख्रिस्ताला शरण आलेल्यांची नावे अशाच जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत आहेत. त्या वह्यांना वाळवी लागण्यापूर्वी ती नावे उतरवून घ्या. आपल्या आजीचे, पणजीचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? नसेल, तर घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर ते आजच लिहा.