फावडं हाती घेतलेला इंजिनिअर

इंजिनिअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोक्यावर हेल्मेट, हातात ड्रॉइंग आणि मजुरांना सूचना देणारा साहेब येतो. मला मात्र पिएर सेरेसोल हा माणूस आवडतो, कारण डॉक्टरेट मिळवलेला हा इंजिनिअर आयुष्यभर परक्या देशांत जाऊन घमेली उचलत राहिला.

सेरेसोल यांचा जन्म १८७९ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात झाला. घराणं मोठं. वडील १८७३ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. पिएर झुरिकच्या नामांकित पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग शिकले. प्राध्यापक होऊन सुखात राहणं त्यांना सहज जमलं असतं. पण ते अमेरिका, हवाई करत जपानला पोचले आणि तिथे इंजिनिअर म्हणून नोकरी केली. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ते मायदेशी परतले. वडिलोपार्जित संपत्ती त्यांनी सरकारला देऊन टाकली. लष्करासाठीचा कर भरायला मात्र साफ नकार दिला आणि त्यापायी तुरुंगात गेले. येशूला मानणारा माणूस बंदूक धरूच शकत नाही, एवढं साधं त्यांचं गणित होतं.

युद्ध संपल्यावर हॉलंडमधल्या बिल्थोव्हेन इथे शांततावादी ख्रिस्ती मंडळी जमू लागली. १९२० च्या बैठकीत चर्चा लांबत चालली होती. तेव्हा एका जर्मन सदस्याने सांगितलं, की माझा भाऊ सैनिक म्हणून फ्रान्समध्ये होता. आमच्या लोकांनी जे पाडलं ते मला आता बांधायचं आहे. सेरेसोल यांनी हे उचलून धरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हर्दूनजवळच्या एन नावाच्या गावात एक छोटी तुकडी पोचली. गाव युद्धात जमीनदोस्त झालेलं. तुकडीत स्विस, इंग्रज, डच आणि चक्क जर्मन! कडाक्याच्या थंडीत त्यांनी ढिगारे उपसले, गावकऱ्यांसाठी लाकडी घरं उभी केली.

पण गोष्ट इतकी गोड नाही. ज्यांची मुलं जर्मन तोफांनी मारली, त्यांनी जर्मनांची मदत कशी घ्यायची? विरोध वाढला आणि १९२१ च्या वसंतात काम थांबवावं लागलं. कोणत्याही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये याला अपयशच म्हटलं असतं. सेरेसोल खचले नाहीत. १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हिमकडा कोसळला तेव्हा त्यांनी पुन्हा माणसं जमवली. गंमत म्हणजे या वेळी त्यांना साथ दिली ती लष्करात कर्नल असलेल्या सख्ख्या भावाने. पुढे १९२८ मध्ये, पुराने उद्ध्वस्त झालेल्या लिश्टेनश्टाइनमध्ये, गाळ उपसायला अनेक देशांतून सातशेच्या वर स्वयंसेवक आले. यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना आकाराला आली.

आता आपल्याकडची गोष्ट. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. जमीन फाटून वाळू आणि पाणी वर उसळलं, शेतं वाळूखाली गेली. आपण सॉइल मेकॅनिक्समध्ये शिकतो ते लिक्विफॅक्शन ते हेच. गांधीजींची आणि सेरेसोल यांची १९३१ मध्ये लोझानला भेट झालेली होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते बिहारला आले, मग मोजके साथीदार घेऊन पुन्हा आले. १९३७ पर्यंत त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी आणि इंग्रज सरकारशी, अशा दोघांशीही त्यांनी जुळवून घेतलं. मुझफ्फरपूरच्या परिसरात पुरापासून सुरक्षित जागी नवी गावं वसवायचं ठरलं. त्यातल्या पहिल्या गावाचं नाव शांतिपूर.

मला इथे एक प्रश्न पडतो. बिहारमध्ये हातांची काय कमी होती? चार गोऱ्या माणसांच्या बोटीच्या भाड्यात कितीतरी मजूर लागले असते. हिशोब म्हणून हे बरोबरच आहे. पण पारतंत्र्याच्या त्या काळात इंग्रज माणूस हुकूम सोडण्याऐवजी गावकऱ्यांबरोबर माती वाहतो, हे दृश्य मजुरी देऊन विकत मिळत नाही. शिवाय धर्मप्रसार करायचा नाही, हे पथ्य त्यांनी पाळलं. १९३६ मध्ये ते क्वेकर झाले, तरी हातातलं फावडं हीच त्यांची प्रार्थना राहिली.

दुसऱ्या महायुद्धात ते परवानगीशिवाय सीमा ओलांडून जर्मनीत शिरले आणि पुन्हा तुरुंगात गेले. १९४५ मध्ये त्यांचं निधन झालं. काम मात्र थांबलं नाही. १९५० च्या दशकात याच संघटनेचे परदेशी स्वयंसेवक आपल्या वरोऱ्याला, बाबा आमटेंच्या आनंदवनात आले आणि ज्या कुष्ठरुग्णांना लोक शिवतही नव्हते त्यांच्यासोबत राबले.

आपल्या एन. एस. एस. कॅम्पात खणलेला बंधारा एखाद्या वेळी पहिल्याच पावसात वाहून जातो आणि मग हॉस्टेलवर त्याची टिंगल होते. बंधारा पक्का बांधायलाच हवा, ते आपलं शिक्षणच आहे. पण त्या गावातल्या किती जणांशी आपण नीट बोललो, हेही कॅम्पच्या रिपोर्टमध्ये लिहायला काय हरकत आहे?