चांदमारीला वास्तवाचे भान देणारे फेअरबर्न

विल्यम फेअरबर्न यांचा जन्म १८८५ मध्ये इंग्लंडमधील रिक्मन्सवर्थ येथे झाला. रॉयल मरीन्समधील सेवेनंतर १९०७ मध्ये ते शांघायच्या नगरपालिका पोलीस दलात दाखल झाले. टोळ्यांनी ग्रासलेल्या त्या बंदरात गस्तीवर असताना त्यांना जीवघेणी मारहाण झाली. रुग्णालयातून बाहेर पडताच त्यांनी जुजुत्सूचा अभ्यास आरंभिला.

पुढे प्रशिक्षक झाल्यावर पिस्तुलाच्या सरावातील उणीव त्यांना जाणवली. भर उजेडात, स्थिर वर्तुळावर सावकाश नेम धरणारा शिपाई अंधाऱ्या जिन्यावर गोंधळून जाई. तेथे चकमक काही पावलांच्या अंतरावर घडे आणि क्षणांत संपे. म्हणून फेअरबर्न यांनी सरावासाठी घरच उभारले. अपुरा प्रकाश, अडथळे, अवचित आवाज आणि एकाएकी पुढे येणाऱ्या मानवाकृती यांतून शिपायाला वाट काढावी लागे.

मात्र नेमबाजीपुरते हे शास्त्र पुरेसे नव्हते. ३० मे १९२५ रोजी याच दलाने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, अनेक चिनी नागरिक मरण पावले आणि चीनभर संताप उसळला. त्यानंतर दंगल आवरण्यासाठी विशेष राखीव पथक घडविण्याचे काम फेअरबर्न यांच्याकडेच आले.

१९४० मध्ये मायदेशी परतून त्यांनी कमांडोंना शिकविले. सहकारी साइक्स यांच्यासह १९४२ मध्ये पिस्तुलावर ग्रंथ लिहिला. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. जगभरच्या पोलीस प्रशिक्षणात आज दिसणारी सरावगृहे त्यांच्याच विचाराच्या वाटेने आली आहेत. गोळी केव्हा झाडू नये, हा शांघायचा धडाही तितकाच मोलाचा आहे.