भास्कराचार्य आणि धान्याची रास

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूस गेले, की डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचे अरण्य लागते. तेथील पाटण हे गाव थोर गणिती भास्कराचार्य यांचे जन्मस्थान होय, असे अनेक विद्वान मानतात. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. वडील महेश्वर हे नामांकित ज्योतिषी. तेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग.

गणेशवंदन होताच लीलावतीत येतात ती मापांची कोष्टके. एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा पेटीत मावेल तितके धान्य म्हणजे एक खारी. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव.

खळ्यावरील रास एकेक माप भरून मोजावयाची, तर दिवस जातो. शिवाय मापाडी माप शिगेने भरतो की सपाट, यावर शेतकऱ्याचे पुष्कळ अवलंबून राहते. आचार्यांनी हे काम एका दोरीवर भागविले. दोरीने राशीचा घेर मोजावा. धान्य कुसळाचे असेल तर घेराचा नववा भाग, जाडे असेल तर दहावा आणि बारीक असेल तर अकरावा भाग ही राशीची उंची धरावी. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावे. येईल तितक्या खारी!

समजा, गव्हाच्या राशीचा घेर १८ हात आहे. गहू कुसळाचा, म्हणून उंची २ हात. अठराचा सहावा भाग ३, त्याचा वर्ग ९, त्यास दोहोंनी गुणले की १८ खारी, म्हणजे २८८ द्रोण झाले. हात ४५ सेंटिमीटरचा धरला, तर एका खारीत सुमारे ९१ लिटर धान्य मावते. अठरा खारींत १६३८ लिटर. लिटरभर गहू सुमारे पाऊण किलो भरतो. तेव्हा ही रास १२ क्विंटलांच्या आसपास झाली, आणि तराजूला हातही लावावा लागला नाही.

या रीतीत वर्तुळाचा परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. त्यामुळे उत्तर सुमारे विसाव्या हिश्श्याने अधिक येते. आचार्यांना सूक्ष्म गुणोत्तर ठाऊक नव्हते असे मात्र नाही; त्याच ग्रंथात त्यांनी ते ३९२७ भागिले १२५० असे दिले आहे. पण खळ्यात उभ्या असलेल्या माणसाला तोंडी करता येईल अशीच रीत हवी असते.

पुढे ११८३ मध्ये त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने पाटण येथे मठ स्थापन केला. त्याविषयीचा १२०७ मधील शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून, गावात जे काही मापावयाचे ते मठाच्याच मापाने मापावे, असा नियम त्यात कोरलेला आहे.